गळतीचा रकाना

जुलै महिना. पृथ्वीच्या या टोकाला हिवाळा.
इन्व्हरकार्गिलमध्ये पाऊस वरून पडत नाही,
आडवा चालत येतो, थेट अंटार्क्टिकाकडून,
दार न ठोठावता.
नोंदणी कार्यालयात माझ्या टेबलाशेजारी
एक निळी बादली. छत गळतं.
टप्. मी एक नाव वाचते. टप्.

सरकारला तक्ता हवाय शुक्रवारपर्यंत.
किती आले, किती टिकले, किती पूर्ण झाले.
उरलेल्या सगळ्यांना मिळून एकच रकाना,
त्याचं नाव गळती.
बादलीकडे बघून हसू येतं,
मग येत नाही.

तेवीस वर्षं मी हे चढउतार बघते आहे.
दुधाला भाव आला की आमचे वर्ग ओस,
पोरं गाईंच्या मागे.
नदीकाठचा मांसकारखाना बंद पडला त्या वर्षी
खुर्च्या पुरल्या नाहीत.
पन्नाशीचे बाप्ये, एखाददुसरं बोट गमावलेले,
माऊस धरायला शिकत होते,
घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा.
वरून पत्र आलं, शिक्षणाची ओढ वाढली, अभिनंदन.
आलेख वर गेला होता, एवढं खरं.

लोसालिने फिफिता. परिचर्या. दाखल २०१४.
तिसऱ्या वर्षी वडिलांचं डायलिसिस,
आठवड्यातून तीनदा, आणि गाडी चालवणारी घरात ती एकटी.
मग एक बाळ. मग वृद्धाश्रमात रात्रपाळी,
जिथे ती नर्सचं सगळं करायची,
पगार सोडून.
विषय सुटत गेले एकेक करून,
एखाद्या वर्षी एकही नाही.
शेवटचा सुटला तो नवव्या वर्षी.

आमचा हिशेब आठ वर्षांचा.
आठव्या डिसेंबरला पान मिटतं,
त्यानंतर जे पूर्ण होतं ते तक्त्याला दिसत नाही.

तिचं प्रमाणपत्र मीच छापलं.
न्यायला ती अकरा माणसं घेऊन आली.
आईने तिच्या गळ्यात चॉकलेटांची माळ घातली,
मधेमधे घडी घातलेल्या पाच डॉलरच्या नोटा,
आणि काउंटरसमोरच सगळे एकदम गायला लागले.
झेरॉक्ससाठी थांबलेला मुलगा भिंतीला चिकटला.
संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी तक्ता उघडला.
२०१४ चा टक्का होता तिथेच.
दशांशचिन्हानंतरही काही हललं नव्हतं.

काल छताला माणूस आला.
खांद्यावर शिडी, बुटांना चिखल.
नाव विचारलं आणि सवयीने टाइप केलं.
तामाती रेवेटी. सुतारकाम, चौथी पातळी.
सातव्या महिन्यात गळती.
"ठेकेदाराने ऑगस्टमध्येच उचललं," तो म्हणाला.
"घर बांधायला शिकत बसू, की घर बांधू?"
तासाभरात टप् थांबलं.
गळतीने गळती बुजवली,
आणि हे लिहायला माझ्याकडे रकाना नाही.

"किती विषय राहिलेत रे?"
"दोन. गणित, आणि सुरक्षितता."
वर तो पट्टा न लावताच चढला होता.

मी फेरनोंदणीचा अर्ज काढून दिला,
नाव, जन्मतारीख स्वतः भरून,
वर पेनही.
त्याने वाचला, म्हणजे पहिली ओळ वाचली,
पेन कानामागे खोचलं,
अर्जाच्या चार घड्या केल्या
आणि शिडीच्या आखूड पायाखाली सारल्या.
शिडी डुगडुगायची थांबली.

आज शुक्रवार. तक्ता गेला.
बादली मी अजून तिथेच ठेवली आहे, भरवसा कुणाचा.
अर्जही तिथेच, भिंतीलगत,
एका कोपऱ्यावर बुटाचा अर्धा ठसा.
सफाईवालीला सांगून ठेवलंय, उचलू नकोस.
सोमवारी तो पन्हळ बसवायला येणार आहे.
पेन त्याच्याकडेच आहे.